उभं राहून वाचायचं

शाळेतले किस्से शाळा सुटली की संपतात. मी शिरड शहापूरला गणित शिकवतो, तिथलं मला फारसं काही आठवत नाही. पण दर शनिवारी दुपारी चारला हिंगोलीतल्या आमच्या छोट्या चर्चमध्ये तरुण संघ भरतो, आणि तिथले किस्से मात्र माझ्या खिशात खडूचे तुकडे साचावेत तसे साचत जातात. एक काढायला गेलो की त्याला चिकटून दुसरा येतो. बायको म्हणते, "एक तर जेवा, नाहीतर सांगा." मी सांगतो आणि भाजी गार होते.

सुरुवात झाली ती संघातल्या सनीच्या फोनपासून. रविवारची उपासना, सगळ्यांचे डोळे मिटलेले, पाळकसाहेबांची प्रार्थना रंगात आलेली, आणि मागच्या बाकावरून एकदम डीजेचं गाणं. दानियलमामांनी डोळे न उघडता सांगितलं, "सनी, बंद कर." मामा एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर झालेत. तिकीट न काढलेला माणूस त्यांना पाठमोरा ओळखू यायचा.

मामा आमच्या चर्चच्या पंचांतले सगळ्यात वडील. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"सर, ह्या लेकरायला गाण्याचं काही वळण लावा. नाताळापर्यंत बघतो. न्हाई जमलं तर तरुण संघ बंद."

तेरा पोरं आहेत संघात. इतरांना शनिवारची सुट्टी मिळाली असती, एवढंच. पण सेनगावची सलोमी अकरावीत होती, आणि तिच्या बापाने, म्हणजे जीपवाल्या शमुवेलने, तिला कॉलेजशिवाय फक्त एका ठिकाणी जायची मुभा दिलेली. ते ठिकाण आमचा संघ. तिथे ती साऊंडचा मिक्सर सांभाळायची. संघ बंद म्हणजे सलोमी घरात. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

* * *

मी गणिताचा माणूस. पहिल्याच शनिवारी वाईट गाण्यांची यादी करून फळ्यावर लिहिली. बावीस गाणी. दोन रात्री जागून शोधली होती. पोरांनी इतकं मन लावून कधी काही उतरवून घेतलं नव्हतं. काहींनी तर फळ्याचा फोटो काढला. मला भरून आलं.

पुढच्या शनिवारी सनी दारातच भेटला.

"थँक्यू सर. त्यातली नऊ गाणी आमाला ठाऊकच नव्हती."

* * *

मग मी यादी पुसली आणि एकच नियम लावला. जे गाणं ऐकायचं ते आधी सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचं. चाल नाही, ताल नाही, मान हलवायची नाही. बातम्या वाचतात तसं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. वाचून झाल्यावरही ते ऐकावंसं वाटलं, तर खुशाल ऐका.

सनी म्हणाला, "सर, मी इंग्लिश ऐकतो. समजतच न्हाई तर बिघडणार कसं?"

मी त्याला भाषांतर करून आणायला सांगितलं. हा गडी पोलीस भरतीची तयारी करतो. रोज पहाटे मैदानावर कानात तेच गाणं घालून दोनशे बैठका मारतो. शनिवारी तो वही घेऊन उभा राहिला आणि वाचत गेला. तू गेलीस, मी जेवलो नाही. तू गेलीस, मी अंघोळ केली नाही. तुझं मांजर माझ्याकडे बघतं, आणि मला रडू येतं.

सनीने वही मिटली. चेहरा पार उतरला होता.

"सर, हा तर रडून राहिलाय. आन मी ह्याच्यावर बैठका मारून राहिलो."

भरतीसाठी तो आता गाण्याशिवाय पळतो. म्हणतो, दम कमी लागतो.

* * *

नियम चर्चच्या बाहेर पडला आणि माझ्या अंगाशी आला. शमुवेल सेनगाव ते हिंगोली जीप चालवतो. सीटा भरल्या की मोठ्याने गाणी लावतो. एका शनिवारी सलोमी पुढच्या सीटवर बसून येत होती. गाणं लागलं, आणि ही पोरगी एकेक ओळ झाली की मागे वळून सवारीला ती सपाट आवाजात सांगू लागली. जीपमध्ये एक म्हातारे गुरुजी होते, एक सासू होती, तिची नवी सून होती. तिसऱ्या ओळीला सासू म्हणाली, "बाप्पा, गाडी थांबवा. मी मागं बसते."

दुसऱ्या दिवशी शमुवेल माझ्या घरी हजर.

"सर, तुमच्या नियमानं लई तकलीफ झाली. आता गाणं लावलं की मलाच ऐकू येऊन राहिलं."

"म्हणजे?"

"म्हंजे पहिलं नुस्ता आवाज यायचा. आता त्यात काय म्हनून राहिले ते ऐकू येतं."

मी मनातून खूश झालो. तो जाताना दारात थांबला आणि म्हणाला, "पोरगी हुशार हाय सर. पर तिच्यामुळं एक जरी बोलणं आलं, तर मी तिला पाठवणार न्हाई." ते मात्र तो हसून म्हणाला नाही.

* * *

सलोमीची पाळी आली तेव्हा सगळे सरसावून बसले. तिने एका मुलीचं रॅप वाचलं. त्यात वावगं काही नव्हतं. मी माझ्या पायावर उभी राहीन, माझी वाट मीच शोधीन, असलं काहीतरी. पोरं हिरमुसली. मी म्हणालो, "छान. ऐकायला हरकत नाही."

ती खाली बसली नाही.

"सर, गाणं चांगलंच हाय. पर बाबांचा राग आला की मी हेच लावते. चार-चारदा. मग राग जास्तीच येतो. तवा हे ऐकावं का न्हाई?"

मी घड्याळ बघितलं, चष्मा पुसला, आणि "पुढच्या शनिवारी सांगतो," म्हणालो. त्याला वर्ष होत आलं. तो शनिवार अजून आलेला नाही. एवढं मात्र खरं, की माझ्या बावीस गाण्यांच्या यादीपेक्षा तिचा तो एक प्रश्न जास्त शहाणा होता.

* * *

आता दानियलमामा. एका शनिवारी ते तपासणीला म्हणून आले. खुर्चीवर बसले आणि पोरं वाचत असताना बोटांनी गुडघ्यावर ठेका धरून काहीतरी गुणगुणू लागले. सनीचे कान तिखट.

"मामा, कोणतं गाणं? नियम सगळ्यायला हाय."

मामा नियमाचे पक्के. उठून उभे राहिले, शर्ट खाली ओढला आणि वाचल्यासारखं म्हणाले,

"कडी घाला दाराला, वारं सुटलंय भारी. दिवा गेला विझून राया, भेटा माडीवरी."

आणि थांबले. पोरं वाट बघत होती.

"पुढं काय, मामा?"

"पुढचं मला येत न्हाई. ड्रायव्हर लावायचा गाडीत. दोनच ओळी ऐकल्यात."

"काहून?"

"तवर स्टॉप यायचा," असं म्हणून मामांनी पाणी मागवलं.

पोरं हसली, मी मात्र हसलो नाही. कारण ते गाणं मला चांगलं ओळखीचं होतं. माझ्या गाडीत एक पेन ड्राईव्ह आहे. हिंगोली ते शिरड शहापूर जाताना काचा वर करून मी तो लावतो. त्यात तसली चाळीस गाणी आहेत, आणि हे पहिलं.

त्याच दिवशी सलोमीने विचारलं, "सर, तुमचा नंबर कवा?"

"मी गाणी ऐकत नाही," मी म्हणालो. "मी बातम्या ऐकतो."

तेरा पोरांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांचा माझ्यावर विश्वास बसला, आणि त्याचंच मला वाईट वाटलं.

* * *

नाताळच्या आधीच्या रविवारी दुपारी संघाचा कार्यक्रम होता. चर्च गच्च भरलेलं. आमच्याकडे एका बाजूला पुरुष बसतात, एका बाजूला बायका. पुरुषांत पहिल्या बाकावर दानियलमामा, बायकांत पहिल्या बाकावर त्यांच्या सुलूमामी आणि शेजारी माझी बायको. सलोमी मिक्सरपाशी. पहिला नाच होता मेंढपाळांचा, म्हणजे डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या सहा लहान लेकरांचा. त्याचं म्युझिक पेन ड्राईव्हमध्ये भरून मी गाडीत ठेवलं होतं. तो काळा पेन ड्राईव्ह मीच आणून सलोमीच्या हातात दिला.

माझा दुसरा पेन ड्राईव्हही काळाच आहे.

ढोलकी कडाडली. कडी घाला दाराला, वारं सुटलंय भारी! मेंढपाळांना तालाशी मतलब. त्यांनी काठ्या उचलल्या आणि महिनाभर शिकवलेला नाच अगदी बराबर सुरू केला. दिवा गेला विझून राया. एक मेंढपाळ तर गिरकी घेऊन देखाव्यातल्या बाळ येशूच्या गव्हाणीपर्यंत गेला. सलोमीने झडप घालून पेन ड्राईव्ह उपसला, तोवर दोन ओळी होऊन गेल्या होत्या.

सगळं चर्च सलोमीकडे बघत होतं. दानियलमामा उठले. "हे कुणाचं हाय?"

सलोमीने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. तिने मान खाली घातली.

मागच्या बाकावरून शमुवेल उठला. "सलोमी, चल घरी."

ती मिक्सरची वायर गुंडाळायला लागली. मी खोटं नाही सांगत, त्या क्षणी माझ्या मनात आलं की गप्प बसावं. शाळेत मला मान आहे, बायको समोर आहे, तिच्या शेजारी मामी आहेत. पण ती पोरगी वायर इतकी नीट गुंडाळत होती की मला बघवेना.

"पेन ड्राईव्ह माझा आहे," मी म्हणालो. "गाडीतला. रोज ऐकतो. बातम्या ऐकतो म्हणालो होतो ते खोटं होतं."

शमुवेल उभाच. मग मागून सनीचा आवाज आला, अगदी अदबीने.

"सर, नियम."

मी सगळ्यांसमोर जाऊन उभा राहिलो. वाचायला कागद नव्हता, पण दुर्दैवाने गाणं पाठ होतं. पहिल्या दोन ओळी म्हटल्या. त्या सगळ्यांनी नुकत्याच ऐकल्या होत्या, त्यामुळे जमलं. तिसऱ्या ओळीला बायकोशी नजरानजर झाली आणि मी चष्मा काढून पुसू लागलो.

"काकणं माझी वाजतील, हळू धरा हात."

आवाज पुरुषांच्या पहिल्या बाकावरून आला होता. दानियलमामा समोरच्या भिंतीकडे बघत होते. तिकीट मागायचा तोच सपाट आवाज.

शमुवेल हळूच खाली बसला. सलोमीच्या हातातली वायर तशीच राहिली. चौथी ओळ मला आठवत होती, पण तोंडातून निघेना, आणि मामाही आता गप्प झाले होते.

तेव्हा बायकांच्या बाजूने सुलूमामींनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या,

"सासूबाईला झोप लागू द्या, मग करू बात."