सहा सणांची सरळ रेष

अंबडच्या बाजारपेठेत माझं ऑनलाईन सेंटर आहे. उतारे, दाखले, पीकविम्याचे अर्ज, लग्नाच्या पत्रिका, म्हणाल ते. बाहेरच्या पाटीवर मी हौसेनं 'आलेख काढून मिळतील' असंही रंगवून घेतलं होतं. त्या एका ओळीवर नंतर मीच पांढरा रंग मारला.

आक्का, माझी थोरली बहीण, शेजारच्या तालुक्यात दिलेली. तिच्या गावच्या पिण्याच्या विहिरीचं पाणी मोजायचं काम वीसेक वर्षं तिच्याकडे होतं. आधी तिची सासू मोजायची, मग ती. दोराला दगड बांधून तळापर्यंत सोडायचा, वर ओढायचा आणि किती दोर भिजला ते बघायचं. दोराला एकेका परसावर गाठ. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. माप घ्यायचं ते सणाच्या सकाळी, पहिली घागर भरायच्या आधी. मोजणाऱ्या बाईला गावात मान होता. आक्काच्या घरी दुसरं काही नव्हतं, पण हा मान होता.

त्या वर्षी हनुमान जयंतीला दोनच परस पाणी उरलं. गावानं टँकर मागायचं ठरवलं. आक्का भर बैठकीत बोलून गेली, "माझा भाऊ कॉम्प्युटरवर सगळा कागद करून देतो. बिलकुल पक्का." मग तिनं मला फोनवर मापं सांगितली. पोळा सात, दिवाळी सहा, संक्रांत पाच, शिमगा चार, पाडवा तीन, हनुमान जयंती दोन. तारीख एकही नाही. तिला ती कधी लागलीच नव्हती.

"आन् हे बघ," ती म्हणाली, "शिमग्यापासून पाणी पळून राह्यलंय. आधी चालत होतं, आता पळून राह्यलं. ते दिसंल ना बराबर?"

"सगळं दिसतं आक्का. तू काळजी करू नको," मी म्हणालो. समोर गिऱ्हाईक उभं होतं.

सहा नावं, सहा आकडे मी टाइप केले आणि आलेखाच्या बटणावर गेलो. तिथं दोन कामाचे प्रकार होते. एक ठिपक्यांचा, ज्याला स्कॅटर म्हणतात, आणि एक रेषेचा. ठिपक्यांच्या आलेखाला खरी तारीख लागते, मग तो दोन ठिपक्यांमध्ये खऱ्या दिवसांएवढंच अंतर ठेवतो. रेषेच्या आलेखाला सणाचं नुसतं नाव दिलं तरी चालतं. तो सगळी नावं एकसारख्या अंतरावर मांडून मोकळा होतो. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी शिकवणी घ्यायचो याची! पण सहा सणांच्या तारखा शोधा, त्या भरा, कोण करणार? यंदाचं आणि मागच्या वर्षीचं, अशी दोन्ही कॅलेंडरं एकाच खिळ्याला माझ्या डोक्यावर दीड हातावर लटकत होती. मी मान वर केली नाही. रेष काढली, निळी केली, थोडी जाड केली. दिसायला फार छान दिसत होती.

पोळा ते दिवाळी, दिवाळी ते संक्रांत, संक्रांत ते शिमगा, या प्रत्येकात दोन-अडीच महिने जातात. शिमगा ते पाडवा पंधरा दिवस. पाडवा ते हनुमान जयंती पंधरा दिवस. माझ्या कागदावर मात्र सगळी अंतरं सारखी. दोन-दोन महिन्यांत एक परस उतरणारं पाणी आता पंधरवड्याला एक परस उतरत होतं, आणि माझी रेष शाळेच्या घसरगुंडीसारखी सरळ.

अर्ज घेऊन आक्का गावच्या दोन माणसांबरोबर तहसीलमधल्या साहेबांकडे गेली. त्यांनी कागद पाहिला. म्हणाले, "घट तर एकसारखी आहे. आठ महिन्यांत पाच परस. अजून दोन शिल्लक आहेत. पावसाळ्यापर्यंत आरामात पुरेल." हिशेब चोख होता. मी काढलेल्या चित्रावरून दुसरा कुणी तरी काय हिशेब करणार? आक्का म्हणाली, "न्हाई साहेब, पाणी पळून राह्यलं." साहेबांनी तिलाच रेषेवर बोट फिरवून दाखवलं.

पाणी आणखीच पळालं आणि अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दगड वर आला तो चिखलानं माखून. त्या दिवशी आमच्याकडे पितरांच्या नावानं मातीच्या केळीत, म्हणजे छोट्या घटात, पाणी भरतात. आमच्या आईच्या नावाची केळी आक्कानं विकतच्या जारच्या पाण्यानं भरली. टँकर यायला पुढं तीन आठवडे लागले. तोवर बाया उन्हातान्हात कोसभर लांबच्या मळ्यातून हंडे आणत होत्या, आणि हंडा उतरवताना बोलत होत्या. कागदावर पावसाळ्यापर्यंत पुरत होतं, म्हणजे बाईनंच माप चुकवलं. म्हातारी झाली, गाठी कळंनात. पुढच्या पोळ्याला गावानं दोर दुसरीच्या हातात दिला.

हे मला तिच्या गावच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. आक्कानं सांगितलं नाही. त्या दिवशी मी शटर अर्धं ओढलं, दोन्ही कॅलेंडरं खाली काढली आणि सहाही तारखा भरल्या. दहा मिनिटांचं काम, दहासुद्धा नाही! ठिपक्यांचा आलेख काढला. शिमग्यापर्यंत हळू उतरणारी ओळ तिथून थेट खाली कोसळत होती. आक्का फोनवर जे म्हणाली होती, अगदी तेच. मला माझीच किळस आली.

कागद छापून मी तिच्या गावी गेलो. तिला अक्षरं फार येत नाहीत, पण ठिपके तिनं एकेक करून बोटानं मोजले. शेवटच्या तिनांवर बोट थांबलं.

"मंग माझं माप बराबर होतं," ती म्हणाली.

"हो."

"हा कागद पारावर दाखवू का रे? सगळे बसलेत आता."

त्या गावाचे निम्मे अर्ज माझ्याकडे येतात. मी पायातल्या चपलेकडे पाहत म्हणालो, "राहू दे आक्का. झालं ते झालं."

तिनं कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"मंग आणलास कशाला?"