कार्टूनमधल्या बापासाठी

माझा मामा रडका होता. दुसऱ्यांच्या दुःखाने त्याचे डोळे भरून यायचे, फक्त ते दुःख पडद्यावर असलं पाहिजे, ही एकच अट.

अंधेरीला एका ऑफिसात तो साहेब होता. मामीचा भाऊ दुबईला. त्याने कलर टीव्ही आणि व्हिडिओ आणून दिला, तेव्हापासून मामा रविवारी नातेवाइकांना दर्शनाला बोलवायचा. आम्हीही घाटकोपरहून बस धरून जायचो. बाबा गिरणीत विणकर होते. संपानंतर गिरणी उघडली, पण त्यांना काही आत घेतलं नाही. एका रविवारी आईच्या मनात होतं, आज भावाकडे त्यांच्या नोकरीचा शब्द टाकायचा.

त्या रविवारी मामाने इंग्रजी कार्टूनची कॅसेट लावली. एक पोटसुटा बाप, त्याची बायको, दोन पोरं आणि बापाला हसणारा कुत्रा. बाप जिन्यावरून गडगडत आला की सगळे खिदळायचे. मामा शेजारी बसून मराठीत समजावून सांगत होता, तेही चुकीचं. मी दहावीत होते, इंग्रजी निम्मं कळायचं, पण मामाला तेवढंही कळत नव्हतं.

मग एक रडका भाग लागला. बापाची नोकरी जाते. घरी सांगायची लाज वाटते म्हणून तो रोज डबा घेऊन निघतो आणि बागेतल्या बाकावर बसून राहतो. एक दिवस मुलगी त्याला शाळेच्या बसमधून बघते. उतरते, शेजारी येऊन बसते आणि काही न विचारता त्याच्या डब्यातला अर्धा पाव खाते.

मामी पदराने डोळे पुसायला लागली. मामा तर हुंदके देत होता. "बाप म्हणजे काय असतो बघा!" म्हणाला आणि कॅसेट मागे घेऊन तेवढा तुकडा पुन्हा लावला. एकदा रडून पोट भरलं नव्हतं.

आईला वाटलं, हीच वेळ. ती हळूच म्हणाली, "अरे, ह्यांचं तेवढं तुझ्या ऑफिसात बघ ना. काहीही चालेल."

"ताई, मध्येच काय तुझं? बघू दे ना," मामा नाक पुसत म्हणाला. "आणि आता शिपायालासुद्धा मॅट्रिक लागतं." मग डोळे पडद्यावरच ठेवून, "भावोजी, जरा पंखा वाढवा हो."

दाराजवळच्या स्टुलावरून बाबा उठले आणि त्यांनी पंखा वाढवला.

माझं डोकं फिरलं. "मामा, त्या कार्टूनला नोकरी लावायची असती तर लावली असतीस ना रे?"

आईने माझ्या मांडीला सणसणीत चिमटा काढला. मामी म्हणाली, "वन्सं, पोरीची जीभ बघा."  मामाचे डोळे मात्र एकदम कोरडे झाले.

"माफी माग," आई म्हणाली. मी मागितली नाही. आम्ही चहा न घेताच उठलो.

बसस्टॉपवर आई माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. बाबांनी विचारलं, "त्या बापयाक शेवटाक काम गावला काय गो?" घरात ते मालवणीच बोलायचे.

शेवट मीही पाहिला नव्हता. "हो बाबा, गावलं."

"बरा झाला," ते म्हणाले, आणि मला दिसलं की त्यांना खरोखर बरं वाटलं होतं.

पुढल्या वर्षी मुलुंडच्या एका लहान कारखान्यात बाबांना पॅकिंगचं काम मिळालं. गिरणीतल्या जुन्या जोडीदाराने शब्द टाकला होता. बातमी कळल्यावर मामा पेढे घेऊन आला आणि शेजाऱ्यांसमोर म्हणाला, "मीच सांगून ठेवलं होतं तिथे." बाबा हसले आणि त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली. मी पेढा घेतला नाही. मामाला वाटलं, मी लाजतेय.