तिने फाइल उघडली नव्हती

व्यवस्थापन शिकवताना मी वर्गात एक खेळ घेत असे. चार मुलांचा एक गट, म्हणजे एक मिठाईचा कारखाना. खेळातल्या दर महिन्यासाठी किती माल बनवायचा ते गटाने ठरवायचं. मग माझ्या संगणकातला मुख्य प्रोग्राम विक्री किती झाली ते सांगायचा. निर्णयाला मदत म्हणून मी एक्सेलची एक शीट करून दिली होती. महिना टाकला की किती माल बनवावा ते ती सुचवी. प्राचार्यांनी तिचं सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं.

त्या वर्षी शीटने ऑक्टोबरसाठी भरपूर माल सुचवला. बाकी सगळ्या गटांनी ऐकलं. एका गटाची प्रमुख मात्र श्रीरामपूरच्या पेढेवाल्याची मुलगी होती. तिने वहीत आकडेमोड करून ऑक्टोबरला थोडा आणि नोव्हेंबरला दुप्पट माल लावला. इतरांचा माल नासला. तिचा सगळा खपला.

"शीट वापरली नाहीस?" मी विचारलं.

"नाही सर. यंदा अधिक महिना आला ना. दिवाळी नोव्हेंबरात गेली."

मागच्या बाकावरून कोणी म्हणालं, "सर, पुढच्या वेळी शीटऐवजी पंचांग वाटा."

वर्ग हसला. ते हसणं मला झोंबलं. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "मुख्य प्रोग्रामची फाइल उघडून बघितल्याशिवाय इतका नेमका आकडा येत नाही." ती तीनदा नाही म्हणाली. मी तिच्या नावापुढे कॉपीचा शेरा मारला.

त्याच आठवड्यात शीट तपासली. मुख्य प्रोग्रामात मी नव्या वर्षाचे सण भरले होते, शीटमध्ये मागच्या वर्षाचेच राहिले होते. मी शीट दुरुस्त केली. शेरा तसाच राहू दिला. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत आली नाही.

निवृत्त होऊन सावेडीत घरी बसल्यापासून दुसरं काही सुचत नाही. गेल्या महिन्यात कॉलेजात जाऊन म्हणालो, तो शेरा काढा. क्लार्क म्हणाला, "सर, अर्ज विद्यार्थ्याचा लागतो. तुमचा नाही चालत."

म्हणून श्रीरामपूरला गेलो. तिचे वडील दुकानात खवा हलवत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला.

"अधिक महिन्याचं मीच सांगितलं हुतं तिला. फोनवर."

त्यांनी कढई खाली उतरवली.

"अन तरी कॉपीचं कळल्यावर तुमचंच खरं धरलं. म्हटलं, सर कशाला खोटं बोलतील? कॉलेज बंद केलं, लग्न लावून दिलं. तवापासून ती माझ्याशी बोलत न्हाई."

मी तिचा नंबर मागितला.

"बापाचा फोन उचलत न्हाई, तुमचा उचलंल व्हय?" त्यांनी हात पुसले. "लिहून द्या. तिच्या आईच्या हाती धाडतो. वाचंल न्हाईतर फाडंल, तिचं तिला."

घरी येऊन तीन कागद मीच फाडले. तिन्हींत 'नजरचुकीने' हा शब्द आला होता. चौथ्यात एवढंच लिहिलं आहे: तू फाइल उघडली नव्हतीस. शीट माझी चुकली होती, आणि ते मला त्याच आठवड्यात कळलं होतं. तुझ्या वडिलांनी सांगितलेला महिना बरोबर होता.