दुधाच्या कॅनची बारा भुतं

२ ऑक्टोबर २०१६, रविवार. वेंडेल व्हॅन झांटेने चर्चमधून परतताना डॉलरला एक वस्तू मिळणाऱ्या दुकानात तेरा वस्तू घेतल्या आणि करासकट तेरा डॉलर अठ्ठ्याहत्तर सेंट मोजले. रबरी तुटका हात, टांगायचा सांगाडा, बटण दाबलं की खदाखदा हसणारी कवटी, पिशवीभर काळे कोळी. नातीसोबत हॅलोविनची तयारी करायची तर हे सगळं लागणारच, असा त्याचा हिशेब.

घरी येऊन त्याने कवटी टेबलावर ठेवली आणि बटण दाबलं. दोन वर्षं आठ महिन्यांची विनी किंचाळत टेबलाखाली गेली ती दुपारच्या जेवणालाही बाहेर आली नाही. सूप तिने तिथेच बसून प्यायलं.

वेंडेलचं वय सदुसष्ट. अडतीस वर्षं टायरच्या कारखान्यात गेली, त्यातली बहुतेक दुसऱ्या पाळीत. मुलगा डग चालायला लागला, बोलायला लागला, हे त्याला बायकोने, आर्लीनने, मधल्या सुट्टीत फोनवर सांगितलं होतं. आर्लीनला जाऊन चार वर्षं झाली होती. लहान मूल हातात कसं धरायचं हे विचारायला घरात कोणी नव्हतं.

डगने दोन वर्षांपूर्वी बायकोमुलीला टेक्सासमध्ये सोडलं आणि तो ओरेगनला गेला. फोनसुद्धा करायचा नाही. तेव्हा वेंडेलने सुनेला, रमोनाला, पत्र लिहिलं : इकडे डी मॉइनला ये, वरची खोली रिकामी आहे, भाडं नको. जानेवारीत ती विनीला घेऊन आली. ऑगस्टच्या अखेरीस ट्रक चालवण्याचं दहा आठवड्यांचं शिक्षण घ्यायला ती मिझुरीला गेली आणि पोरगी त्याच्यापाशी ठेवून गेली. परवाना मिळाला की तिच्यापुढे दोन नोकऱ्या होत्या. एक इथली, दुसरी टेक्सासमध्ये तिच्या बहिणीच्या गावातली. उत्तर एक नोव्हेंबरला द्यायचं होतं. तिने पोरीला उचलून नेलं असतं तर ‘थांब’ म्हणायचा वेंडेलला काडीचाही अधिकार नव्हता. सून म्हणायची, पण घटस्फोटानंतर ती कागदावर सूनही राहिली नव्हती. पोरगी तिने आपल्यावर विश्वासाने सोपवली, एवढ्याच धाग्यावर सगळं होतं, आणि त्या धाग्याबद्दल तो रोज जेवणाआधीच्या प्रार्थनेत देवाचे आभार मानायचा.

टेबलाखालच्या प्रकरणानंतर तो समोरच्या मिस ओडेसांकडे गेला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या. तीस वर्षं त्यांनी घरात पाळणाघर चालवलं होतं. गल्लीतले निम्मे मोठे लोक त्यांच्या हातून जेवलेले. त्यांनी पिशवी उघडून पाहिली आणि रबरी हात दोन बोटांत धरून वर उचलला.

“वेंडेल, तू पोरीचा वाढदिवस करणार आहेस की खून?”

“हॅलोविन आहे ना, मिस ओडेसा. भीतिदायक नको?”

“दोन वर्षांच्या पोरीला आपण घाबरवायचं नसतं रे. तिने आपल्याला घाबरवायचं असतं. आणि आपण नीट घाबरायचं असतं. एवढं साधं कळत नाही? कसला काळा कागद घेतलास दाखव. हां, हा ठीक. पांढरा रंग, गोंद, हे डोळे. चार वस्तू कामाच्या. बाकीचं फेकून दे.”

त्या संध्याकाळपासून धडे सुरू झाले. आधी पावलांची भुतं. विनीच्या तळव्याला पाण्याने धुऊन जाणारा पांढरा रंग लावायचा, काळ्या कागदावर पाऊल दाबायचं आणि कागद उलटा धरायचा. टाच म्हणजे भुताचं डोकं, बोटं म्हणजे त्याच्या झग्याची झालर. टाचेवर दोन डोळे चिकटवले की झालं. पहिल्या दिवशी गुदगुल्या झाल्या म्हणून विनीने पाय झाडला आणि वेंडेलच्या चष्म्यावर एक भूत उमटलं. तो दचकला. खरोखरच दचकला. विनी एवढी हसली की उचकी लागली.

“बघ,” मिस ओडेसा म्हणाल्या, “आता ती तुझी झाली.”

मग अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधून तीन-तीन वाट्या कापून वटवाघळं. कडेच्या वाट्यांना खाच दिली की पंख होतात. पुठ्ठ्याच्या नळ्यांना जखमेची पट्टी गुंडाळून ममी. गुंडाळायचं काम विनीचं, टोक धरून उभं राहायचं काम वेंडेलचं. एकदा पट्टी नळीवरून सरकून त्याच्या मनगटाला गुंडाळली गेली तरी त्याने हूं की चूं केलं नाही. कात्री त्याच्याकडे, गोंद तिच्याकडे, अशी विभागणी ठरली. कारखान्यात तो रोजचं काम पाटीवर लिहायचा तसं त्याने फ्रिजवर लिहायला सुरुवात केली : सोमवार, वटवाघळं सहा, त्यांतलं एक खाल्लं गेलं.

सगळ्यात मोठं काम दुधाच्या कॅनचं. एक गॅलनचे पांढरट प्लास्टिकचे रिकामे कॅन, त्यांवर काळे डोळे आणि वाकडं तोंड काढायचं, मागून चीर देऊन आत सेलवर चालणारा छोटा दिवा ठेवायचा. रस्त्यापासून दारापर्यंत बारा ठेवायचे. तोंडाची रेघ वेंडेल आखायचा, आत काळा रंग विनी ठोकायची. एका भुताला तिने सात डोळे दिले. त्याचं नाव तिने ‘मम्मा’ ठेवलं, कारण मम्मा सगळं बघते.

ते ऐकून रात्री वेंडेलने रमोनाला फोन केला. फोनवर गोड बोलणं त्याला जमत नसे.

“हॅलोविनला ये,” तो म्हणाला. “पोरीने बरंच काही केलंय.”

“त्या दिवसाची सुट्टी मागते,” रमोना म्हणाली. “दिली तर नक्की येते. तिला सांगा.”

“दिवे लागायच्या आत ये.”

“येते.”

त्याने विनीला सांगितलं. विनीने ते मिस ओडेसांना, टपालवाल्याला आणि सात डोळ्यांच्या कॅनला सांगितलं.

आता डी मॉइनची गोष्ट अशी की इथे पोरं दारोदार फिरतात ती तीस ऑक्टोबरला, एकतीसला नव्हे. आजोबा-पणजोबांच्या काळात पोरांनी दंगा फार केला म्हणून गावाने एक दिवस अलीकडे ओढला, तो तसाच राहिला. ‘भिकाऱ्यांची रात्र’ म्हणतात तिला. सहा ते आठ. आणि फुकट काही नाही. दारात येऊन आधी एक विनोद सांगायचा, मग खाऊ. एकतीसला कोणी दाराचा दिवासुद्धा लावत नाही. वेंडेलला हे श्वास घेण्याइतकं ठाऊक होतं, म्हणून तारीख सांगावी असं त्याच्या मनातही आलं नाही. आणि रमोना जानेवारीत आलेली, तिने इथला ऑक्टोबर कधी पाहिलाच नव्हता.

तीस तारखेला रविवारी पाच वाजता बारा भुतं पेटली. उशीच्या अभ्र्याला भोकं पाडून केलेला झगा घालून विनी पायरीवर बसली. साडेपाचला वेंडेलने फोन लावला.

“कुठवर आलीस?”

“कुठवर म्हणजे? मी वर्कशॉपमध्ये आहे. उद्या अकराला निघतेय.”

“उद्या? अगं, आज आहे!”

“काय आज आहे?”

त्याने सांगितलं.

“वेंडेल, अख्ख्या देशात एकतीसला असतं. तुमच्या गावाला तीस कुठून सुचली? आणि सुचली तर मला सांगायचं कोणी? मी इथल्या मास्तराच्या हातापाया पडून उद्याची सुट्टी घेतली!”

“चूक माझी.”

“ती काय करतेय?”

“पायरीवर बसलीय.”

“देवा रे.” मग आवाज एकदम सपाट झाला. “उद्या येते मी. आणि आपल्याला बोलायचंय. माझी बहीण काय म्हणते तेही सांगायचंय.”

सहा वाजले. पोरं यायला लागली.

“भुताची आई भुताला काय सांगते?” एक चिमुकला समुद्री चाचा म्हणाला. “रस्ता ओलांडताना गाड्यांच्या आरपार जाऊ नकोस, ड्रायव्हर घाबरतात!”

वेंडेल हसला आणि त्याला चॉकलेट दिलं. विनीला मिस ओडेसांनी परोपरीने सांगितलं, चल, चार घरं फिरून येऊ. ती हलली नाही. “मम्मा आली की,” एवढंच. आलेल्या प्रत्येकाला ती ‘बू’ म्हणाली आणि प्रत्येक जण शहाण्यासारखा घाबरला. आठला गल्लीतले दिवे एकेक करून विझले. विनी अभ्र्यासकट पायरीवर झोपली होती.

सकाळी वेंडेल कॉफी न पिता मिस ओडेसांच्या दारात उभा.

“मग तोंड कशाला पाडतोस?” त्या म्हणाल्या. “गल्लीला सांग, आज पुन्हा दिवे लावा.”

“असं कसं सांगू? मी तीस वर्षांत कोणाकडे शिडीसुद्धा मागितली नाही.”

“म्हणून तर. सगळे तुझं देणं लागतात. तू बर्फ कोणाकोणाच्या दारातला काढलास ते मी खिडकीतून बघत आले आहे. जा. मी नाही येत, पोरीजवळ बसते. मागणारा तू आहेस.”

अकरा घरं होती. पहिलं घर ग्रॅबोव्स्कीचं. ग्रॅबोव्स्की कारखान्यात त्याच्याच पाळीत होता, तोंडाने फटकळ. वेंडेलने टोपी काढून सगळं सांगितलं. ग्रॅबोव्स्कीने ऐकून घेतलं आणि दाराला टेकून उभा राहिला.

“मागायला आलास ना?”

“हो.”

“मग विनोद सांग. नियम म्हणजे नियम.”

“अरे, थट्टा नको करूस, माझा जीव टांगणीला लागलाय.”

“दार लावू का?”

वेंडेलला उभ्या आयुष्यात एकच विनोद येत होता. “सांगाडा... सांगाडा कारखान्याच्या छपरावर चढला. उडी मारीन म्हणाला. मारली नाही.”

“का?”

“काळीजच नव्हतं.”

“हा तू अठ्ठ्याहत्तर साली सांगितला होतास,” ग्रॅबोव्स्की म्हणाला. “तेव्हाही भिकार होता. लावतो दिवा.”

बातमी वेंडेलच्या पुढे धावली. दुसऱ्या दारापासून प्रत्येकाने विनोद मागितला. तोच विनोद त्याने अकरा वेळा सांगितला. शेवटच्या घरातल्या बाईने तर नवऱ्याला आणि तिन्ही पोरांना ऐकायला बोलावलं. “पण आमचा खाऊ काल संपला,” बहुतेक जण म्हणत होते. “घरात असेल ते द्या,” वेंडेल म्हणायचा. कान लाल झाले होते, पण चौथ्या-पाचव्या घरानंतर त्याला हलकं वाटायला लागलं. एवढी माणसं आपल्याला ओळखतात, हे त्याला नव्याने कळत होतं.

चार वाजता कळलं की कॅनमधले दिवे रात्रभर जळून मेलेत. तो पुन्हा ग्रॅबोव्स्कीकडे गेला. त्याने कपाटातून सेलची दोन पाकिटं काढून दिली.

रमोना पावणेसहाला आली. साडेसहा तास गाडी चालवून डोळे तारवटलेले. गाडीचं दार उघडून ती उतरली आणि तशीच उभी राहिली. रस्त्यापासून दारापर्यंत बारा भुतं पेटलेली, आणि गल्लीत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक दारात दिवा.

“तुम्ही म्हणालात ना, आज काही नसतं?”

“नसतं,” वेंडेल म्हणाला.

विनी पायरीवरून उठली. आईला पाहून नऊ आठवडे झाले होते. ती दोन पावलं चालली, थांबली, रमोनाला नीट न्याहाळलं.

“बू,” विनी म्हणाली.

रमोना रस्त्यावर गुडघ्यांवर बसली आणि अशी घाबरली की वेंडेलला तोंड फिरवावं लागलं.

त्या दोघी अकराही घरं फिरल्या, वेंडेल मागून पिशवी धरून. ग्रॅबोव्स्कीच्या दारात रमोनाला नियम कळला.

“विनोद? मला? मी इथली नाही.”

“खाऊ हवाय ना?”

तिने विचार केला. “एका सासऱ्याने सुनेला तीनशे ऐंशी मैलांवरून बोलावलं. भुतांच्या गोष्टी सांगितल्या, वटवाघळं सांगितली. तारीख तेवढी सांगितली नाही.”

ग्रॅबोव्स्की दार धरून हसला. “वेंडेल, ही तुझ्यापेक्षा बरी आहे!”

पिशवीत सुपाचा डबा, दोन बटाटे, एक नवा टूथब्रश, मक्याच्या लाह्या, लग्नातली उरलेली बदामाची पुडी असा खाऊ जमला. विनीने बटाटा उशाशी घेऊन झोपायचा हट्ट धरला.

ती झोपल्यावर दोघं स्वयंपाकघरात बसले. वेंडेलने राजमा-खिम्याची तिखट चिली वाढली, सोबत दालचिनीचा रोल. रमोना फ्रिजवरचे कागद वाचत होती. महिनाभराचे, तारीखवार.

“‘मम्मा या कॅनला सात डोळे,’” तिने वाचलं. “‘विनी दोनदा पडली, रडली नाही. मी एकदा.’ हे रोज लिहीत होतात?”

“तू इथे नव्हतीस. मला डगच्या वेळचं काही बघायला मिळालं नाही. तुझं तसं होऊ नये म्हटलं.”

ती खुर्चीत बसून रोल कुरतडू लागली.

“बोलायचंय म्हणाली होतीस,” वेंडेलनेच विषय काढला. “बहिणीचं.”

“हो. ती म्हणते, म्हातारा माणूस, परका, त्याच्या भरवशावर पोर किती दिवस ठेवशील?”

“खरंय तिचं.”

“काही खरं नाही. तिच्या गल्लीत शेजारी कोण राहतं ते तिला माहीत नाही.” रमोनाने रोलचा शेवटचा तुकडा त्याच्या ताटात ठेवला. “उद्या इथल्या नोकरीला हो म्हणते. आठवड्यातून तीन रात्री मी रस्त्यावर असेन. जमेल तुम्हाला?”

“जमेल,” वेंडेल म्हणाला. त्याला आणखी बरंच म्हणायचं होतं. त्याने उठून तिला कॉफी ओतली, आणि जेवण अर्धं झालं असतानाच हात जोडून प्रार्थना म्हटली. ती आधी म्हणायची राहून गेली होती. रमोनानेही चमचा खाली ठेवला.

झोपण्याआधी त्याने फ्रिजवर लिहिलं : ग्रॅबोव्स्कीच्या बारा सेलांचे सहा डॉलर चाळीस सेंट अजून द्यायचे आहेत.