खिळ्यावरच्या सात किल्ल्या

नोकरीत कितीतरी गुन्ह्यांचा तपास केला. बहुतेक फायलींत गेले आणि डोक्यातूनही गेले. हा एक मात्र जात नाही. जाणार कसा? रोज सकाळी दूध आणायला निघालो की मी त्या तपासातल्याच दारावरून जातो.

रत्नागिरी शहराला लागून खाडीकाठी एक जुना कसबा आहे. नाव घेत नाही, माणसं हयात आहेत. एके काळी इथं गलबतं लागायची. धक्का गाळानं भरला, तरी जांभ्याच्या पायऱ्या अजून आहेत. आता माणसं नोकरीला शहरात जातात आणि मुक्कामाला इथं येतात. निम्मी घरं बंद, कुणी कुवेतला, कुणी मुंबईला. पण बंद म्हणजे बेवारस नव्हेत बरं का! दर आठवड्याला केर निघतो, कारण घराची किल्ली शेजारी असते. एका आळीतल्या सात घरांच्या किल्ल्या एकाच बाईकडे होत्या. पन्नाशीची विधवा, शिवणकाम करून पोट भरायची. सगळी आळी तिला काकी म्हणायची.

मी तेव्हा त्या हद्दीच्या ठाण्याला निरीक्षक होतो. मे महिन्यात एका दुपारी ठाणे अंमलदारानं निरोप दिला, कसब्यात घरफोडी. कुवेतहून मुलीच्या लग्नासाठी आलेली एक बाई फिर्यादी. ठरल्यापेक्षा चार दिवस आधी आली, दार उघडलं, तर तांदळाच्या पेटीत दडवलेला दागिन्यांचा स्टीलचा डबा गायब. गेल्या खेपेला तिनंच तो लॉकरमधून काढून घरी ठेवला होता.

मी पंचनामा केला. पुढचं कुलूप शाबूत. मागच्या दाराला आतून अडसर. फिर्यादी रडत म्हणाली, "साहेब, मी काकींचं नाव घेत नाय. पण किल्ली त्यांच्याकडंच हाय ना?"

नाव घेत नाही म्हणून तिनं नाव घेतलं होतं. मीही तेच गृहीत धरलं. चूक माझी, ती इथंच सांगून टाकतो.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवता येत नाही, म्हणून महिला शिपायाला घेऊन काकीच्या घरी गेलो. शिलाई यंत्राच्या वर भिंतीत एक लांब खिळा होता आणि त्यावर चिंध्या बांधलेल्या किल्ल्या. फिर्यादीची तेवढी उतरलेली, बाकी सहा. मी आधी त्या खिळ्याकडे पाहिलं, मग काकीकडे. तिच्या ते लक्षात आलं.

"शेवटचं कुलूप कधी उघडलंत?"

"गेल्या शुक्रवारी. केर काढला, खिडक्या उघडल्या, परत लावल्या."

"बरोबर कोण होतं?"

"केरसुणी," काकी म्हणाली.

माझं डोकं फिरलं. आवाज चढवून तोच प्रश्न चार तऱ्हांनी विचारला. उत्तर एकच. शेवटी तीच मला म्हणाली, "साहेब, मी चोरी केली असती तर कुलूप मोडून ठेवलं नसतं काय? म्हणजे तुम्ही दुसऱ्याला शोधत बसला असतात!"

तोंडात मारल्यासारखं झालं. पण अधिकाऱ्याच्या खुर्चीला असं लगेच पटत नाही. जबाबावर तिची सही घेतली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी श्वानपथक येणार म्हणून आदल्या संध्याकाळीच आळीत बातमी पसरली. कुत्रं आलं, परसात दोन फेऱ्या मारून जिभल्या चाटत बसलं. पुढं रोज एकदा तरी मी काकीकडे जात होतो आणि रोज खिळ्यावरच्या किल्ल्या कमी दिसत होत्या. चार. मग तीन. लोक येत, इकडचं तिकडचं बोलत आणि "राहू दे आता आमच्याकडंच" म्हणत आपली किल्ली काढून नेत. पाचव्या दिवशी खिळा रिकामा. शिवायचं कापडही कुणी टाकत नव्हतं. काकी यंत्रासमोर हात मांडीवर ठेवून बसलेली होती. तिच्याकडे बघवेना.

वरून फोनवर फोन. "किल्ली जिच्याकडे तिला अटक करा, वाट कसली बघता?" त्या पाचव्या दिवशी मी अटकेच्या तयारीनंच गेलो होतो, हे आता लपवण्यात अर्थ नाही. महिला शिपाई बरोबर होती, गाडी आळीच्या तोंडाशी उभी होती.

तेवढ्यात त्या खिळ्याशेजारी दुसरा खिळा दिसला. त्याखाली चुन्याच्या भिंतीवर गंजाचा तीन नख्यांचा ठसा उमटलेला.

"इथं काय असतं?"

"गळ. विहिरीत घागर पडली की काढायचा. आळीत एकच हाय, तो माझ्याकडं असतो."

"मग आता कुठं आहे?"

"शेजारच्या भाडेकरूनं नेलान. बादली पडली म्हणाला."

"कधी?"

"तुमचं कुत्रं येऊन गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी."

आमचे हवालदार दारात उभे होते. खेड्यातला माणूस, कमी बोलणारा. ते हळूच म्हणाले, "साहेब, त्याच्या विहिरीवर मोटार हाय. बादली कशाला सोडील तो?"

भाडेकरू म्हणजे फिर्यादीच्या घराला लागून राहणारा एकटा माणूस. वर्षभरापूर्वी बाहेरून आलेला, शहरात नोकरी, वागायला गोड. पंचनाम्याला त्यानंच आम्हाला चहा पाजला होता. मी काकीला विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही किल्लीचं विचारलंत, गळाचं विचारलंत कुठं? आणि शेजाऱ्यानं मागितलान, मी दिला. त्यात सांगायचं काय?"

गाडी परत पाठवली. पाच मिनिटांत भाडेकरूसमोर बसलो आणि अगदी सहज विचारलं, "बादली मिळाली का हो?"

"नाही ना साहेब. निळी प्लास्टिकची होती, नवीकोरी."

"प्लास्टिकची? मग ती तरंगायला हवी!"

आधी म्हणाला, स्टीलची होती. मग म्हणाला, मोटार बिघडली होती. हवालदारांनी बटण दाबलं आणि मोटार भसाभसा पाणी ओढायला लागली. त्याची पाचावर धारण बसली. मी म्हटलं, "चालू द्या, बंद करू नका. विहीर उपसायची."

दोन पंच बोलावले. मे महिना, पाणी कमरेएवढंच. तासाभरात तळ दिसू लागला. आख्खी आळी कठड्याभोवती जमली. फिर्यादी होती, ज्यांनी किल्ल्या नेल्या तेही होते. काकी मात्र आपल्याच पायरीवर उभी राहिली. दोन गडी उतरले, घोटाभर चिखल चाचपला आणि एकानं खालून हाक दिली, "गावला!" गोणपाटात बांधलेला स्टीलचा डबा वर आला. फिर्यादीनं पंचांसमोर दागिने ओळखले आणि तोंडावर पदर घेऊन ओक्साबोक्शी रडली.

मग भाडेकरू बोलला. दोन घरांमधला दगडी गडगा ओलांडून, मागच्या पडवीची कौलं सरकवून तो आत उतरला होता. जाताना कौलं जशीच्या तशी बसवली. कुत्रं येणार कळल्यावर घाबरून डबा विहिरीत टाकला. पाण्यात वास लागणार नाही हे त्याला ठाऊक होतं. आळीत एकच गळ आहे आणि तो काकीकडेच आहे, हे मात्र गरज पडल्यावर कळलं. दोन रात्री चाचपडूनही डबा गळाला लागला नव्हता. मी पडवीवर माणूस चढवला. तीन कौलांवरचं शेवाळ खरवडलेलं होतं. पहिल्या दिवशी मान वर केली असती तर दिसलं असतं.

त्या संध्याकाळी आळीतले लोक किल्ल्या घेऊन काकीच्या दारात आले. सगळ्यात पुढं फिर्यादी. "काकी, चुकलं माझं. लग्नाला तुम्ही पायजेच." तिनं किल्ली पुढं केली. काकीनं हात पुढं केला नाही.

"ज्यानं काढून नेलीन, त्यानंच टांगायची," ती म्हणाली.

एकेक जण आत गेला, खाली मान घालून आपली किल्ली खिळ्याला अडकवून बाहेर आला. सातही झाल्या, तेव्हा काकी यंत्रावर डोकं ठेवून रडली. पाच दिवसांत पहिल्यांदा.

वरिष्ठांनी शाबासकी दिली. मी ती घेतली, पण आतून लाज वाटत होती. शाबूत कुलूप पुरावा नसतं, ते फक्त शाबूत कुलूप असतं, एवढं मला या प्रकरणानं शिकवलं. संशय घेणं आमचं कामच आहे. पण पोलिसाची गाडी दारात चार वेळा थांबली की त्या माणसाचं काय होतं, ते मी त्या खिळ्यावर मोजलं होतं. पुढं प्रत्येक तपासात मी आधी मान वर करून कौलं बघितली.

निवृत्तीनंतर याच कसब्यात घर घेतलं. शहर जवळ, खाडीचा वारा आणि ओळखीची माणसं. पहिल्यांदा मुलीकडे पुण्याला जायचं ठरलं तेव्हा बायको म्हणाली, "किल्ली काकींकडे द्या." मी दोन दिवस टाळलं. मग गेलो.

काकी शिवत होती. मी किल्ली पुढं केली. तिनं चष्म्यावरून पाहिलं.

"पोलिसाच्या घरची किल्ली? उद्या काय हरवलं तर पहिली मीच ना?"

"नाही काकी. पहिली चूक माझीच होती."

तिनं हात पुढं केला नाही, यंत्र चालूच ठेवलं.

"खिळा तुम्हाला ठाऊक हाय," ती म्हणाली.

मी चपला काढल्या, आत गेलो आणि माझ्या हातानं किल्ली टांगली.