गिझर बाहेर नेला तेव्हा

घरातला गिझर बाहेर न्यायचा निर्णय माझा. नवरा म्हणत होता, थांब, जरा विचार करू; पण मला एकदा एखादी गोष्ट सुचली की ती होईपर्यंत चैन पडत नाही. आई गेल्यावर बाबांना नाशिकहून इथे अमेरिकेत, अल्फारेटाला आणलं होतं. त्यांच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता, आणि खालच्या मजल्यावर होतं काय, तर एक टॉयलेट आणि वाटीएवढं बेसिन. आंघोळीला रोज वर जायचं. एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर, आणि दर तिसऱ्या पायरीला, "तुला ऑफिसला उशीर होतोय." टॉयलेटला लागून एक कोनाडा होता आणि त्यात गिझरची माणसाएवढी उंच टाकी. ती हलवली की शॉवरपुरती जागा सहज होत होती.

प्लंबरने मागच्या भिंतीला टेकून कपाटासारखी एक लाकडी शेड उभी केली आणि टाकी तिच्यात नेली. पाइपांना गरम होणारी वायर गुंडाळली. शेडच्या दाराच्या आत, हाताशी, दोन स्विच बसवले: एक टाकीचा, एक वायरचा. जाताना त्याने मला बजावलं की थंडीत हे दोन्ही चालूच राहायला हवेत, नाहीतर पाइप गोठून फुटतील. मी नवऱ्याला सांगितलं. मुलीला सांगितलं. बाबांना सांगितलं नाही. मुद्दाम नाही, सुचलंच नाही. आमच्या घरात बाबांविषयी खूप बोलणं व्हायचं, त्यांच्या गोळ्या, त्यांचे गुडघे, त्यांचा इन्शुरन्स. पण घराविषयी बाबांशी कोणी बोलत नसे.

नवी बाथरूम त्यांना आवडली. पहिल्या दिवशी आंघोळ करून आले आणि "झकास!" म्हणाले. मग आठवड्याभरात ते स्वेटर-मफलर चढवून रोज मागच्या दाराने बाहेर जायला लागले. पहाटे एकदा, आणि आम्ही ऑफिसला निघालो की एकदा. चार पावलं फिरतात, मन रमतंय, असं मी नवऱ्याला मोठ्या कौतुकाने सांगितलं.

जानेवारीत हाडं गोठवणारी थंडी पडली. एका सकाळी गरम पाणी आलंच नाही. आम्ही तसेच बाहेर पडलो, मी मनातल्या मनात प्लंबरचा उद्धार करत. दुपारी मीटिंगमध्ये बाबांचा फोन आला. मी कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. मग मेसेज आला. एकच शब्द होता: पाणी.

घरी पोचले तर ऊन पडून पाइपातला बर्फ वितळला होता आणि फुटलेल्या जागेतून पाणी भिंतीतून आत येत होतं. नवी बाथरूम भरून ते बाबांच्या खोलीतल्या कार्पेटपर्यंत गेलं होतं. बाबा वाकून भिंतीच्या कडेला टॉवेल कोंबत होते, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. मी पळत जाऊन मेन व्हॉल्व्ह बंद केला आणि शेड उघडली. दोन्ही स्विच बंद.

"बाबा, हे कोणी बंद केलं?"

"मीच. रोज करतो," ते म्हणाले, जरा अभिमानानेच. "तुमच्या आंघोळी आटपल्या की बंद करायचा, पहाटे उठून लावायचा. तुम्ही लोक विसरता. आज गारठ्यामुळे बाहेर पडवेना, म्हणून लावायचा राहिला. चुकलंच माझं."

नाशिकच्या घरी गिझर हे बाबांचं खातं होतं. आई बाथरूममधून आवाज द्यायची, "झालं हो, बंद करा!" आणि बाबा हातातला पेपर ठेवून उठायचे. घरातलं बाकी काही त्यांना येत नव्हतं. साधा चहा धड जमत नसे. पण गिझर चालू राहिला असं आमच्याकडे कधी झालं नाही. इथे आल्यापासून त्यांना एकही काम नव्हतं, आणि त्यांनी स्वतःचं स्वतः शोधलेलं हे एकच.

हे सगळं मला आज सुचतंय. तेव्हा मी ओरडले. मला म्हणायचं होतं, हे नाशिक नाही. तोंडातून निघालं, "हे तुमचं घर नाही, बाबा! विचारल्याशिवाय कशालाही हात लावत जाऊ नका!"

मुलगी तेवढ्यात शाळेतून आली होती. दारातच उभी राहून म्हणाली, "मॉम, स्टॉप. ही इज शिव्हरिंग." मी पाहिलं तर खरंच ते थरथरत होते. आपण घरात शिरल्यापासून त्यांच्याकडे बघितलंच नाही, हे तेव्हा लक्षात आलं. बाबा फक्त "बरं" म्हणाले आणि हातातला ओला टॉवेल घडी करून बेसिनवर ठेवला.

पाइप दुरुस्त झाला, कार्पेट वाळलं. नवऱ्याने शेडला कुलूप लावलं. मी नको म्हटलं नाही. बाबांनीही कुलूप पाहिलं असणार, कारण त्यानंतर मफलर खुंटीवरच राहिला.

पुढच्या आठवड्यात एकदा साडेपाचला घरी आले. थंडीतली संध्याकाळ, बाहेर अंधारून आलेलं. मुलगी वर हेडफोन लावून अभ्यास करत होती आणि खालचा सगळा मजला अंधारात होता. बाबा झोपले असतील असं वाटून मी हळूच खोलीत डोकावले. ते खुर्चीत ताठ बसले होते, जागे.

"बाबा, अंधारात काय बसलात? लाइट लावा ना."

ते गुडघ्यावर हात देऊन उठले, भिंतीपाशी गेले, बटणाकडे हात नेला आणि थांबले.

"हा चालू ठेवायचा असतो, की बंद?"

टोमणा असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. पण ते खरंच विचारत होते.

"असं काय विचारता, बाबा? घर तुमचंच आहे."

"हो, ते झालंच," ते म्हणाले. हात तसाच बटणापाशी. "पण चालू की बंद, तेवढं सांग."