रोमुआल सिमारचा हिवाळी अभ्यास

ला बे गावातल्या त्या उतरत्या गल्लीत कुणाला गाडीचे टायर घ्यायचे झाले की माणूस आधी रोमुआल सिमारच्या दारात जायचा, दुकानात नंतर. रोमुआलने ॲल्युमिनियमच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनिसाची नोकरी केली होती. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्याने गल्लीतल्या गाड्या धरल्या. खिशात कायम पंचवीस सेंटचं नाणं. त्यावरचं कॅरिबू हरिण उलटं, नाक खाली धरून टायरच्या खाचेत खुपसायचा. नाक बुडालं तर टायर जिवंत, नाक दिसलं तर मेला. हे तिथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं, पण रोमुआल ते असं गुडघे टेकून, श्वास रोखून करायचा की मोठ्या डॉक्टरने नाडी धरल्यासारखं वाटावं.

"घेऊ का रे हे?" शेजारचा क्लेरमाँ विचारायचा.

"घे. पण पस्तावशील."

"मग नको घेऊ?"

"नाही घेतलेस तरी पस्तावशील."

क्लेरमाँ डोकं खाजवत जायचा आणि दुकानदार देईल ते घेऊन यायचा. तरी पुढच्या वर्षी पुन्हा विचारायला हजर. ज्ञानाचा मान ठेवावा लागतो.

या पंडिताच्या स्वतःच्या दारात त्याच्या बायकोची, ओदिलची, निळी गाडी उभी असे. काडेपेटीएवढी गाडी, पेट्रोल पोपटाएवढंच पिणारी. दर रविवारी ओदिल त्यात सुपाचं पातेलं ठेवायची आणि डोंगर ओलांडून साठ किलोमीटरवरच्या लान्स-सें-जाँला आईकडे जायची. आई एक्याण्णव वर्षांची, वृद्धाश्रमात. तिथलं सगळं जेवण तिला पुठ्ठ्यासारखं लागे. फक्त लेकीच्या हातचं गूरगान नावाच्या तिथल्या जाड शेंगांचं सूप घशाखाली उतरायचं. रविवारी केलेलं सूप ती बुधवारपर्यंत पुरवून खायची.

गेल्या जानेवारीत चढावर गाडी लट्टूसारखी फिरली आणि शेपूट खड्ड्यात घालून थांबली. ओदिलला खरचटलंसुद्धा नाही, पण अर्धं सूप सीटने प्यायलं. त्या आठवड्यात आई सोमवारीच पुठ्ठ्यावर आली. गाडीला मात्र अजून शेंगांचा वास येतो.

"टायर गुळगुळीत झालेत," ओदिल घरी येऊन म्हणाली.

"मला सांगतेस?" रोमुआल म्हणाला. बर्फ सरल्यावर, एप्रिलमध्ये, त्याने ते चारही हिवाळी टायर समारंभपूर्वक कचऱ्यात दिले, उन्हाळी बसवले, आणि पुढच्या हिवाळ्यासाठी नवे निवडायला वही घातली.

मे महिन्यात वहीत रकाने पडले. जूनमध्ये रकान्यांना उपरकाने. फिनलंडचा रबर जपानच्या रबरापेक्षा उणे वीसला किती मऊ राहतो, खिळ्यांचा टायर बर्फावर किती धरतो आणि कोरड्या रस्त्यावर किती कटकट करतो, अरुंद टायर बरा की रुंद. ऑगस्टमध्ये, घामाच्या धारा लागलेल्या असताना, रोमुआल दुकानादुकानांतून टायरात अंगठा रुतवून बघत होता. दुकानदार त्याला लांबून ओळखू लागले आणि जेवायला जाऊ लागले.

"झालं का ठरवून?" सप्टेंबरात ओदिलने विचारलं.

"दोनावर आलोय."

ऑक्टोबरात विचारलं तेव्हा तो पाचावर होता.

"अरे, माझी गाडी आहे, विमान नाही."

"अशा घाईनेच माणसं खड्ड्यात जातात, ओदिल."

खड्ड्यात कोण गेलं होतं हे तिने त्याला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो ग्रंथालयात टायरांवरचं मासिक वाचायला गेला, तेव्हा ती गाडी घेऊन विल्फ्रीडच्या गॅरेजात गेली. तिने मनात दहा प्रश्नांची तयारी केली होती. विल्फ्रीडने हात पुसत एकच विचारलं.

"मादाम सिमार, तुमचं जाणं कुठे असतं?"

तिने सांगितलं. रस्ता, चढ, पातेलं, आई.

"मग हे," तो म्हणाला आणि कोपऱ्यातून चार टायर ओढले. पाऊण तासात काम झालं. "चाकांची झाकणं काढूनच ठेवू ना?"

तिथे हिवाळी टायर म्हणजे काळी, उघडीबोडकी चाकं. चाकावर चकचकीत झाकण दिसलं की गाडी उन्हाळी टायरांवर आहे, हे गल्लीतलं कुत्रंही सांगेल.

"नको," ओदिल जरा थांबून म्हणाली. "बसवून टाका पुन्हा."

कपट वगैरे तिच्या मनात नव्हतं. तिला फक्त बघायचं होतं, चौतीस वर्षं तपासनीस असलेल्या माणसाला किती दिवस लागतात ते.

एक आठवडा गेला. दोन गेले. रोमुआलने बर्फापासून आडोसा म्हणून गाडीवर कापडी मांडव उभारला, मांडवाचे खांब गाडीच्या चाकांपासून वीतभर अंतरावर ठोकले, वाकून वाकून ठोकले. चार दारांपलीकडे राहणाऱ्या, क्लेरमाँच्या भाच्याचा टायर एका बाजूने झिजतोय हे त्याने चालता चालता ओळखलं. दिव्याखाली मात्र मिट्ट काळोख.

तीस नोव्हेंबरला वही मिटून तो स्वयंपाकघरात आला. "ठरलं. फिनलंडचा."

"वा. कधी बसवतोस?"

तो मिटलेली वही पुन्हा उघडू लागला. कायद्याने एक डिसेंबरपासून हिवाळी टायर लागतात, त्यामुळे गावातल्या सगळ्या गॅरेजांत रांगा. त्याला तारीख मिळाली होती सोळाची.

"तोपर्यंत तू रविवारी जायचं नाहीस."

"आई काय खाणार? तुझी वही?"

"पोलीस धरतील!"

"धरू देत."

"मग मी येतो बरोबर. पोलिसांशी मी बोलेन. तज्ज्ञ माणूस आहे, निवड पूर्ण झालेली आहे, फक्त बसवणं बाकी आहे. समजून घेतील."

रविवारी पहाटेपासून बर्फ पडत होता. ओदिलने पातेल्याला फडकं बांधलं आणि ते रोमुआलच्या मांडीवर दिलं. तो डोळे मिटून बसला. चढ आला. गेल्या वर्षी ती जिथे फिरली, तिथे गाडी मांजरीसारखी पंजे रोवत वर गेली. रोमुआलने एक डोळा उघडला.

"बघितलंस? सगळं हातावर असतं. मी जवळ आहे म्हणून तुझा हात स्थिर आहे."

"हो ना," ओदिल म्हणाली. "एवढा मोठा आधार."

पातेलं थेंबही न सांडता पोचलं. म्हातारी खिडकीशी बसली होती. तिच्या नवऱ्याने आयुष्यभर जंगलातून लाकडाचे ट्रक हाकले होते, आणि मोतीबिंदू एकाच डोळ्यात होता. तिने खाली अंगणातल्या ताज्या बर्फाकडे बघितलं.

"छान खोल खाचा आहेत गं. नवे घेतलेस वाटतं टायर?"

"कुठले नवे, आई," रोमुआल समजुतीने म्हणाला. "ते उन्हाळी आहेत."

"उन्हाळी टायर अशी वेणी घालतो का बर्फावर? डोळे माझे गेलेत की तुझे?"

रोमुआल खिडकीशी गेला. बर्फावर गाडीमागे दोन खोल, दातेरी, वळणदार पट्टे उमटले होते. त्याने कोट घातला. दोघी मायलेकी सूप पीत वरून बघत राहिल्या: जावई गुडघ्यावर बसला, खिशातून नाणं काढलं, पहिल्या चाकात घातलं. मग दुसऱ्या. चारही झाली. कॅरिबू नाकासकट, डोळ्यासकट बुडत होतं.

तो वर आला तेव्हा पँटीचे गुडघे ओले होते.

"कुणी निवडले?"

"विल्फ्रीडने."

"कशावरून? तुलना कशाशी केली?"

"त्याने विचारलं, तुमचं जाणं कुठे असतं."

रोमुआलने मनातल्या मनात सगळे रकाने चाळले. सात महिन्यांच्या वहीत तो रकाना नव्हता. त्याने समोरचा वाडगा ओढला आणि सूप प्यायला लागला. म्हातारीने त्याला ब्रेडचा तुकडा दिला, तोही त्याने सुपात बुडवला.

शेवटी वाडगा पुसत म्हणाला, "पुढच्या डाव्यात हवा थोडी कमी आहे."

पुढच्या रविवारी ओदिल उठून बघते तर मांडवात दिवा, आणि रोमुआल हवेचा पंप घेऊन चाकाशी. चारही झाकणं काढून भिंतीशी टेकवलेली. पलीकडे क्लेरमाँ फावडं टेकवून उभा होता.

"हे घेतलेस होय शेवटी?"

"सात महिने लागले," रोमुआल म्हणाला. "बरं, तुझ्या बायकोच्या गाडीचं सांग. तिचं जाणं कुठे असतं?"